सर्व्हर गेला, पाटी राहिली

गुहागरला मामाच्या वाडीत, माडापोफळींच्या सावलीत, पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मामाचा फोन आला. "वायफाय जोडलेलं दिसतंय, पण एक पान उघडत नाही. परवापासून पाहुणे येतायत. तू येतेस का?"

दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळला जंगलजेटीत गाडी चढवायची आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं. जेटी नसेल तर खेड-चिपळूण असा लांबचा वळसा. त्या दिवशी जेटी सुरू होती. पण खाडीतून जाताना मनात आलं, उद्या ही जेटी बंद झाली आणि दापोलीतली पाटी मात्र गाड्यांना दाभोळकडेच पाठवत राहिली, तर काय होईल? गाड्या धक्क्यापर्यंत येतील आणि तिथेच अडकतील. रस्ता शाबूत, गाडी शाबूत, गुहागर जागच्या जागी. चुकीची असेल ती फक्त पाटी.

मामाच्या घरी पोचल्यावर कळलं ते असं. काही वर्षांपूर्वी एका तंत्रज्ञानं ऑफिसातल्या जुन्या कंप्युटरवर एक सर्व्हर सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. घरातल्या सगळ्या फोनांवरच्या जाहिराती आणि नको त्या साइट्स ते अडवायचं. कंप्युटर फार हळू चालायला लागला म्हणून मामानं ते अनइन्स्टॉल केलं. "मी फक्त एक प्रोग्राम काढला. आणि लाइन तर चालू आहे, राउटरचे दिवे बघ," मामा म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सर्व्हर हा इतर प्रोग्रामांसारखा नसतो. हिशेबाचा प्रोग्राम आपण उघडला की चालतो, बंद केला की संपतो. सर्व्हर दुसऱ्यांसाठी बसलेला असतो, कोणी हाक मारली की ओ देण्यासाठी. त्यामुळे तो बसवताना एक काम त्याच्या स्वतःच्या जागेबाहेर करावंच लागतं: बाकीच्यांना सांगून ठेवायचं की यापुढे इथे विचारा. ही नोंद विंडोजच्या सेटिंगमध्ये होते, ब्राउझर तिथूनच ती वाचतो, आणि कधी कधी ती राउटरमध्येही होते. अनइन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर स्वतःच्या फायली आवरून नेतं. दुसऱ्यांच्या वहीतली नोंद मात्र पुष्कळदा तशीच राहते. आधी तिथे काय होतं हे त्यानं टिपून ठेवलेलं नसतं, आणि राउटर तर वेगळंच यंत्र, तिथे त्याचा हात पोचत नाही.

म्हणून शोधायचं होतं ते एवढंच: कुठली पाटी अजून त्या गेलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवते आहे?

सुरुवात पिंगपासून केली. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडून पिंग आणि पुढे पत्ता टाइप केला की कंप्युटर त्या पत्त्याकडे एक छोटा संदेश पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकानं डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हर्णैच्या बंदरात कुणाही तांडेलाला हे समजावायची गरज नाही. बोटीवरचा फिश फाइंडर तेच करतो: पाण्यात आवाज सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते बघायचं.

आधी राउटरला पिंग केलं, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर. लगेच उत्तर आलं. मग घराबाहेर, ८.८.८.८ वर; हा गूगलच्या सार्वजनिक नाव-सेवेचा पत्ता, लक्षात ठेवायला सोपा. तिथूनही उत्तर आलं. म्हणजे वायर, राउटर, कंपनीची लाइन, बाहेरचा रस्ता, सगळं ठणठणीत. मग तेच पिंग आकड्यांऐवजी एका प्रसिद्ध साइटच्या नावानं केलं, आणि कंप्युटर म्हणाला, या नावाचं कुणी सापडत नाही.

या तीन हाकांनी निम्मं काम झालं. आकड्यानं पोचता येतं आणि नावानं येत नाही, म्हणजे दोष नावाचा आकडा करून देणाऱ्या व्यवस्थेत. तिला डीएनएस म्हणतात. गुहागरात नवखा माणूस येतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात विचारतो, अमक्यांचं घर कुठे? दुकानदार सांगतो, वरच्या पाटात, विहिरीपुढचं तिसरं. दुकान बंद असेल तर घर हरवत नाही, रस्ताही खचत नाही. नवखा माणूस मात्र तिथेच उभा राहतो.

इंटरनेटच्या बालपणी असं दुकान नव्हतं, एक यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये ठेवत, आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला: एकच यादी नको, प्रत्येक विभागानं आपापल्या नावांची माहिती आपल्याकडे ठेवावी आणि विचारणाऱ्याला पुढच्याकडे पाठवावं. आज आपण टाइप करतो ते प्रत्येक नाव याच साखळीतून जातं. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण कुणा एकाकडे सगळं नसूनही उत्तर मिळतं. आणि ती जुनी यादीही पूर्णपणे गेलेली नाही. तुमच्या विंडोजमध्ये आजही होस्ट्स नावाची साधी फाइल असते आणि कंप्युटर डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात बघतो. एखादं सॉफ्टवेअर तिच्यात ओळी घालून जातं आणि मग वर्षभरानं एखादीच साइट का उघडत नाही याचं कोडं पडतं. मामाच्या कंप्युटरवर ती फाइल स्वच्छ निघाली.

डीएनएसच्या सेटिंगमध्ये मात्र १२७.०.०.१ लिहिलेलं होतं. या पत्त्याचा अर्थ "मी स्वतः". तो पत्ता वायरवर जातच नाही, कंप्युटर स्वतःलाच विचारतो. सर्व्हर होता तोवर हे बरोबर होतं. आता तो स्वतःला विचारत होता आणि उत्तर द्यायला आत कुणी नव्हतं. ते पुसून "आपोआप मिळवा" हा पर्याय निवडला.

तरीही नाव सापडेना! इथे मी दहा मिनिटं चुकीच्या दिशेनं गेले, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तपासत बसले. मग विचार केला, आपोआप म्हणजे कुणाकडून? राउटरकडून. घरात नवा फोन आला की राउटर त्याला तीन गोष्टी देतो: तुझा पत्ता हा, बाहेर जायचा दरवाजा हा, आणि नावं विचारायची ती इथे. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. आयपीकॉन्फिग ही आज्ञा "ऑल" जोडून दिली तर काय मिळालं ते दिसतं. दिसलं ते असं: नावं विचारायची ती १९२.१६८.१.१० ला. हा पत्ता कुणाचा? याच कंप्युटरचा. तंत्रज्ञानं राउटरलाही सांगून ठेवलं होतं. म्हणून तर घरातला प्रत्येक फोन त्या दुकानापुढे उभा होता.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ती नोंद बदलली आणि कंप्युटरची जोडणी नव्यानं केली. आता नावानं पिंग लागलं. फोन मात्र लगेच सुधारले नाहीत. डीएचसीपीनं दिलेली माहिती ठरावीक मुदतीची असते, आणि यंत्र साधारण निम्मी मुदत उलटल्यावर नूतनीकरण मागतं. तोवर ते जुन्याच पाटीवर विश्वास ठेवतं. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की नवी माहिती ताबडतोब मिळते, तसं केलं.

मुदतीचा हाच प्रकार नावांनाही असतो. एकदा विचारलेलं उत्तर यंत्र काही काळ जपून ठेवतं, कधी काही मिनिटं, कधी तासन्‌तास. म्हणूनच सॉफ्टवेअर दुपारी काढलं, आणि संध्याकाळपर्यंत काही फोनांवर काही साइट्स उघडत राहिल्या. मामाला वाटलं होतं, रात्रीच्या पावसानं लाइन गेली. कारण आणि परिणाम यांत असा वेळ गेला की माणूस हमखास शेवटी घडलेल्या गोष्टीला दोष देतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात खरं अवघड हेच आहे.

कंप्युटरचा ब्राउझर मात्र अजून अडलेला होता, आणि त्याचा संदेश वेगळा होता: प्रॉक्सी सर्व्हरनं जोडणी नाकारली. प्रॉक्सी म्हणजे अगदी जंगलजेटी. ब्राउझरला सांगितलेलं असतं की स्वतः जाऊ नकोस, सगळं याच्या हाती दे, तो पलीकडे पोचवील. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे ८०८० असा पोर्ट होता. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची खोली. १ ते ६५,५३५ असे क्रमांक असतात. ८०८० नंबरच्या खोलीतला भाडेकरू निघून गेला होता. पिंग प्रॉक्सीच्या वाटेनं जातच नाही, म्हणून ते पोचत होतं आणि ब्राउझर नाही.

या संदेशातला "नाकारली" हा शब्द मोलाचा आहे. यंत्र जागेवर आहे पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही, तेव्हा ते बहुधा लगेच नकार कळवतं. यंत्रच नाही, किंवा मध्ये पहारा देणारी फायरवॉल संदेश गिळून टाकते, तेव्हा काहीच येत नाही, आणि आपण वाट बघत बसतो. झटपट नकार आणि लांबलेली शांतता ही दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणं आहेत. प्रॉक्सीचं बटण बंद केलं, पान उघडलं.

मामाकडचं सॉफ्टवेअर पत्ते वाटण्याचंही काम करत असतं तर चित्र निराळं दिसलं असतं. पत्ता देणारं कुणी सापडलं नाही की विंडोज १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तो दिसला की डीएनएसकडे बघूच नये, पत्ता देणारा कुठे गेला ते बघावं.

काही सॉफ्टवेअर याहून खोल जातात आणि विंडोजच्या नेटवर्क व्यवस्थेत आपली कडी अडकवतात. कडी नीट निघाली नाही तर साखळी तुटते आणि आकड्यानं, नावानं, कशानंच ब्राउझर पोचत नाही. या व्यवस्थेचं नाव विनसॉक, आणि ती पूर्ववत करायला "नेटश विनसॉक रीसेट" ही आज्ञा आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून द्यायची, मग कंप्युटर पुन्हा सुरू करायचा. बरेच जण पहिल्या मिनिटाला हीच आज्ञा देतात. माझं मत, ती शेवटी द्यावी. मामाच्या बाबतीत तिनं काहीच झालं नसतं: राउटरमधली नोंद तिला दिसत नाही, आणि ती विनसॉकची कडी सरळ करते, प्रॉक्सीची पाटी पुसत नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर मामी तिचा टॅब घेऊन आली. खोल्यांचं बुकिंग ती त्यावर बघते. सगळ्यांचं चाललं होतं, तिचंच नाही. मी हात पुढे केला, पण मामानं टॅब आधीच घेतला होता. वायफायची माहिती उघडून तो आकडे मोठ्यानं वाचत गेला. "पत्ता बरोबर. दरवाजा एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक. बरोबर. नावं विचारायची ती... एक, दहा." तो थांबला. कुणीतरी कधीकाळी हातानं लिहिलेलं, राउटरमधली नोंद बदलूनही न बदलणारं. मामानं ते पुसलं, "आपोआप" निवडलं आणि टॅब मामीकडे दिला.