कोरी तबकडी आणि रीडायल

एचएमटी पायलट या जुन्या मनगटी घड्याळाची काळी तबकडी बाजारात दोन तऱ्हेची मिळते आणि विकणारा दोन्हींना ‘कोरी’च म्हणतो. एक खरंच कोरी असते: कारखान्यात छापली, सुट्या भागांच्या पाकिटात गेली आणि घड्याळात कधी बसलीच नाही. दुसरी जुनी, डागाळलेली. तिचा रंग काढून ती नव्याने रंगवलेली नि छापलेली. हिला रीडायल म्हणतात.

2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. कोरा माल आता फक्त कमीच होत जाणार, म्हणून त्याला जास्त पैसे मोजणं मला पटतं. रीडायललाही माझा विरोध नाही. वडिलांचं गंजलेलं घड्याळ त्यामुळे पुन्हा मनगटावर बांधता येत असेल तर जरूर करून घ्यावं. पण रीडायलला कोऱ्या मालाचा भाव लावणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती रोज चालू आहे.

ओळखायचं कसं? घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग घ्या आणि सगळ्यात बारीक अक्षरं बघा. कारखान्याच्या छपाईत तबकडीवरच्या इंग्रजी ‘17 ज्यूएल्स’ची रेघन्‌रेघ सुटी दिसते. रीडायलमध्ये अक्षरं जाड होतात, ‘ई’ची पोकळी भरून जाते, मिनिटांच्या रेघा तासांच्या आकड्यांसमोर नेमक्या येत नाहीत. मग तबकडी उलटी करा. मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. पाय कापलेला असेल, डिंकाचा डाग असेल, कडेवरून रंग मागे ओघळला असेल, तर ती कोरी नव्हे.

मशीनचं मात्र वेगळं. पायलट आणि एचएमटीचंच दुसरं घड्याळ जनता, दोन्हींत 0231 हेच चावीचं मशीन आहे. त्यामुळे ‘पायलटची बॅलन्स’ (मशीनमधलं मागेपुढे हलणारं चाक) म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका. मोडीतल्या जनताची तीच बसते. दुर्मिळ आहे ती तबकडी.

मी स्वतः एक रीडायल कोरी समजून घेतली होती. फोटो फक्त पुढून होते, मीही मागचा मागितला नाही. पाकीट फोडून ती उलटवली तेव्हा एक पाय नव्हता आणि त्या जागी पिवळा डिंक वाळलेला होता. तेव्हापासून मागच्या बाजूचा फोटो आल्याशिवाय मी भावाचं बोलतच नाही.