बघणारे आणि वाट बघणारे

साताऱ्यातल्या कुठल्याही मधुमेही माणसाची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी काढून बघा. वर गोळ्यांची नावं आणि सगळ्यात खाली, सहीच्या जरासं वर, 'रोज ४५ मिनिटे चालणे'. गोळ्या त्याच संध्याकाळी पोवई नाक्यावरच्या मेडिकलमधून घरी येतात. चालणं चिठ्ठीवरच राहतं. त्या माणसाला ते पटलेलं नसतं असं अजिबात नाही. चहाच्या टपरीवर विषय काढा, चालण्याचे फायदे तोच तुम्हाला दहा मिनिटं समजावून सांगेल.

घरचे याला आळस म्हणतात, तो स्वतःही म्हणतो. मानसशास्त्रज्ञ मात्र ठरवणं आणि करणं यांतलं हे अंतर बरीच वर्षं मोजत आलेत. व्यायाम करायचाच असं मनापासून ठरवणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या हातून तो होत नाही, असं वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. निम्म्या लोकांना जे जमत नाही, त्याचं कारण एकेकाच्या स्वभावात शोधत बसण्यात काय अर्थ आहे?

ब्रिटनमधला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. २४८ विद्यार्थी, तीन गट. येत्या आठवड्यात निदान एकदा, २० मिनिटं घाम निघेल असा व्यायाम करायचा, एवढंच काम. पहिल्या गटाला व्यायामाबद्दल वेगळं काही सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे सांगणारा मजकूर वाचायला दिला. तिथे ३५ टक्के. म्हणजे माहितीने काडीचा फरक पडला नाही. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला आणि कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहून मागितलं. तिथला आकडा ९१ टक्के! एका आठवड्याचा प्रयोग, तोही कॉलेजच्या पोरांवर. त्यावरून जन्मभराचा हिशेब मांडू नये. पण फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी 'चालण्याचे २१ फायदे' पाठवणाऱ्या काकांनी तो जरूर वाचावा.

अजिंक्यतारा किल्ल्यावर रोज चढणाऱ्या मंडळींनी हा प्रयोग वाचलेला नसतो, पण त्यांचं चालतं याच तत्त्वावर. 'पावणेसहा, बोगद्यापाशी.' वेळही ठरली, जागाही ठरली. शिवाय तिथे कुणीतरी उभं असतं, आणि हे त्या ब्रिटिश प्रयोगातही नव्हतं. अंथरुणात असताना फोनवर एक मिस्ड कॉल येतो. उचलायचा नसतो, त्याचा अर्थ 'मी निघालोय' एवढाच. मग उठायचं की नाही हा प्रश्न आपल्या एकट्याचा उरत नाही. आपण गेलो नाही तर तो माणूस अंधारात कुत्र्यांच्या संगतीत ताटकळणार. स्वतःच्या तब्येतीसाठी न उठणारा माणूस दुसऱ्याची खोटी होऊ नये म्हणून मुकाट उठतो.

सोबतीचा जोर किती असतो, हे जर्मनीत मानसशास्त्रज्ञ ओटो कोलर यांनी १९२० च्या दशकात मोजलं होतं. बर्लिनच्या एका रोइंग क्लबातल्या खेळाडूंना त्यांनी हातात वजन देऊन ते वर-खाली करायला लावलं, दंड भरून येऊन हात थांबेपर्यंत. आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीत दुप्पट वजनाचा एकच दांडा, आणि एकाने सोडलं की दोघांचंही संपलं. जोडीत कमी ताकदीचा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडू नये, ही बोच त्याला टिकवत होती. हा परिणाम सर्वात ठळक दिसला तो दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना. दोघे अगदी बरोबरीचे असले किंवा फारच तफावत असली, तर तो फिका पडायचा.

आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादाला हे सांगायला जाऊ नका, तो हसेल. जोड लावणं हा त्याचा रोजचा धंदा. फार तगडा गडी समोर दिला तर पोरगं खचतं, फार कच्चा दिला तर शेफारतं. थोडा वरचढ दिला की घुमतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ आणलं, त्या कुस्तीची परंपरा अशाच जोडांवर उभी आहे. तालमीत पहाटे उठण्यासाठी कुणाला 'मोटिव्हेशन'चा व्हिडिओ बघावा लागत नाही.

मग सगळ्यांनाच गटात घातलं की काम झालं? नाही. माणसं नुसती सोबत करत नाहीत, ती बघतही असतात.

१९६९ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स आणि सहकाऱ्यांनी झुरळांवर केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात गमतीचा वाटतो. झुरळाला उजेड नको असतो. दिवा लावला की ते अंधाराकडे पळतं. एका रचनेत अंधाराकडे जायला सरळ बोळ होता, दुसऱ्यात वळण घ्यावं लागायचं. दोन्ही ठिकाणी बाजूच्या पारदर्शक डब्यांत प्रेक्षक म्हणून दुसरी झुरळं ठेवली. सरळ बोळात प्रेक्षक असताना झुरळ जास्त वेगाने पळालं. वळणाच्या वाटेवर प्रेक्षकांमुळे उलट त्याला वेळ लागला. अंगवळणी पडलेलं काम चार डोळ्यांसमोर आणखी चांगलं होतं आणि नवखं काम बिघडतं, असा झायोन्स यांचा सिद्धान्त होता. पुढे माणसांवरच्या प्रयोगांतही साधारण हेच आढळलं.

म्हणून यवतेश्वरच्या घाटात रोज पळणाऱ्याला कुणी टाळ्या वाजवल्या की त्याचे पाय हलके होतात. २०१२ पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहणारी माणसं नेमकं हेच काम करतात. पण ज्याचं वजन वाढलंय, ज्याने दहावीनंतर पळून पाहिलेलं नाही, त्याला राजवाड्याजवळून जाताना 'काय साहेब, आज इकडे कुठे?' एवढंही पुरतं. त्याच्यासाठी ती वळणाची वाट असते. दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

बायकांच्या बाबतीत हे बघणं फारच वाढतं. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते: पुरुषांत सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. यात घरकाम, शेतकाम, ये-जा सगळं धरलेलं आहे. 'ती दिवसभर घरात राबतेच की' हे उत्तर म्हणून इथे चालत नाही. राबणं खरं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. पण ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटताना कंबर दुखते, दम लागत नाही. आणि त्यातली बरीच कामं नेमकी सकाळीच असतात: नळाचं पाणी, डबे, शाळेची रिक्षा. घराबाहेर पडलं तरी साडी नेसून चालायचं की ड्रेस घालून, बुटांवर साडी कशी दिसेल, अंधार असेल तर कुठल्या रस्त्याने जायचं, हे सगळं ठरवावं लागतं. पुरुषाला यातलं काहीही ठरवावं लागत नाही. तो लेंग्यावर निघतो.

वेगाबद्दलही थोडं. उत्साहात पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चढणारे पुष्कळ. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले, श्वास जड झाला, की त्या क्षणी बहुतेक सगळ्यांनाच नकोसं वाटू लागतं. संपल्यावर बरं वाटतं ते वेगळं. पण मन हिशेब ठेवतं तो चढावर काय वाटलं याचाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग सुरुवातीला पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते तीही अशाच मध्यम श्रमांची.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. साताऱ्यातल्या आषाढात हे लक्षात ठेवायला हवं.

पावसावरून आठवलं. २०१७ साली सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संशोधकांनी युक्ती केली ती हवामानाची: एका शहरात पाऊस पडल्याने तिथला माणूस कमी धावला, तर कोरड्या शहरातला त्याचा मित्रही कमी धावतो का? धावत होता. मित्र एक किलोमीटर जास्त पळाला, तर त्याच दिवशी आपणही सुमारे ३०० मीटर जास्त पळतो. पुरुषांवर मित्र आणि मैत्रिणी दोघांचाही परिणाम झाला. बायकांवर फक्त बायकांचा. ही सगळी पळणारी आणि मनगटावर धावणं मोजणारं घड्याळ बांधणारी मंडळी, हे खरं. तरी गोडोलीतल्या एखाद्या नवऱ्याने वर्षभर 'चल की गं' म्हणून जे झालं नाही, ते शेजारच्या वहिनी बूट घालून फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या तर होईल, यावर मी पैज लावायला तयार आहे.