इंटर्नशिप म्हणजे बिनपगारी प्रोबेशन नव्हे

नाशिकच्या अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रके करण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे ओळखीपाळखीतले आईवडील मुलांच्या नोकरीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते पुरे होऊ देण्याचाही धीर राहत नाही: "सध्या तीन महिने प्रोबेशनवर आहे, पगार नंतर सुरू होणार." कागद पाहिला तर त्यावर 'इंटर्न' लिहिलेले असते, आणि पुष्कळदा कागदच नसतो. बिनपगारी प्रोबेशन नावाची कोणतीही गोष्ट नाही. पगार नसेल तर ती इंटर्नशिप आहे किंवा फुकटची राबवणूक आहे, आणि या दोन्हींतून पगारी नोकरीकडे जाण्याची वाट प्रोबेशनच्या वाटेहून वेगळी आहे.

प्रोबेशन, म्हणजे सरकारी मराठीतली परिवीक्षा, बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून त्याबद्दल थोडक्यातच लिहिते. तिथे माणूस पहिल्या दिवसापासून नोकर असतो, हातात नियुक्तीपत्र असते, पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो आणि आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर त्याची कपातही पहिल्याच पगारातून सुरू होते. "पीएफ कायम झाल्यावर कापू" असे सांगणारा मालक सरळसरळ चुकीचे सांगत असतो. मुदत संपली म्हणजे माणूस आपोआप कायम झाला असेही सहसा होत नाही, त्यासाठी पत्र लागते. इंटर्नशिपचे प्रमाणपत्र, ओळखपत्राचा रंग, रजा किती मिळतात, दुपारचे जेवण कंपनीचे की घरचे, हे सगळे फरक वरवरचे आहेत आणि त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा घोटाळा जागेवरून होतो. जागा म्हणजे बसायची खुर्ची असे मी म्हणत नाही, तर हिशेबात ज्यासाठी दरमहा पैसे बाजूला काढून ठेवलेले आहेत ते पद. प्रोबेशनमध्ये ती जागा आधीपासून असते, पैशांची तरतूद झालेली असते, आणि एवढेच ठरायचे असते की समोरचा माणूस तिथे चालेल की नाही. इंटर्नशिपमध्ये जागा निर्माणच झालेली नसते, त्यामुळे तुम्ही त्या जागेला योग्य आहात का हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आलेला नसतो. इंटर्न मात्र स्वतःला परीक्षार्थी समजतो, रात्री आठ-आठपर्यंत थांबतो, शनिवारीही येतो आणि निकालाची वाट पाहतो. परीक्षा घेणारे कोणी नसते, मग निकाल कुठून लागणार?

यातून पुढची गोष्ट निघते, आणि हुशार मुलेही नेमकी इथेच फसतात. प्रोबेशनवरचा माणूस गप्प राहिला तर ते गप्प राहणे बहुधा त्याच्या बाजूने जाते, कारण कोणी काही बोलले नाही तरी पुढच्या महिन्याचा पगार होतो आणि नोकरी चालू राहते. इंटर्न गप्प राहिला तर ठरलेल्या तारखेला त्याच्या हातात प्रमाणपत्र येते आणि विषय संपतो. शिवाय तो जितके चोख काम करतो तितकी ती न जन्मलेली जागा अधिक झाकली जाते, कारण मालकाच्या दृष्टीने ते काम होतेच आहे आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही. जे काम अडत नाही त्यासाठी माणूस ठेवावा असे कोणत्या धंदेवाल्याला सुचेल?

आपल्या नाशकात हा गैरसमज इतका घट्ट बसण्याला घरातली वडीलधारी माणसे बऱ्याच अंशी जबाबदार आहेत, आणि त्यांचा त्यात हेतू वाईट नाही. ज्या पिढीने मायको, महिंद्रा किंवा ओझरच्या एचएएलमध्ये भाऊबंद लागताना पाहिले, त्या पिढीला 'आधी चिकटून राहा, मग परमनंट होशील' हा अनुभव खरा वाटतो. त्यांच्या बोलण्यात 240 दिवसांचा आकडा हमखास येतो. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांतल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, बदली (दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या) किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत 240 दिवस अखंड सेवा केली तर त्याला कायम करण्याची तरतूद होती, आणि ती टाळण्यासाठी कामगारांना मध्येच 'ब्रेक' कसा दिला जाई हेही सातपूरमधल्या कोणत्याही निवृत्त कामगाराला तोंडपाठ असते. पण तो तात्पुरता कामगार कामगारच होता, त्याला मजुरी मिळत होती. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कार्यालयात फुकट बसलेल्या इंटर्नचे 240 दिवस भरले तर त्याचे फक्त 240 दिवस जातात. मराठीत 'कामाला लागला' आणि 'नोकरीला लागला' असे दोन वेगळे प्रयोग आहेत. इंटर्नच्या बाबतीत पेढे वाटताना दुसरा वापरला जातो, हे मला खटकते.

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, ही तिसरीच गोष्ट आहे. तिच्यासाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे, कराराची नोंदणी होते आणि विद्यावेतन द्यावेच लागते. मात्र तो कायदाही शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाही, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याविषयीचे धोरण प्रत्येक मालकाने आपले आपण ठरवायचे असते. करारातच नोकरीची अट लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही हाच गोंधळ झाला. 2024 मध्ये ती आली तेव्हा बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन सहा महिन्यांसाठी ठरले, पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली, आणि त्यानंतर प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी लावून धरली. त्यांची अडचण मला कळते, पण मुदत वाढणे म्हणजे जागा निघणे नव्हे. विद्यावेतनाला पगार म्हणण्याची सवय इथेच महागात पडते.

बिनपगारी इंटर्नशिपमधून पगारी जागा कशी निघते, हे मी एका मुलीच्या बाबतीत जवळून पाहिले. ती माझ्या मैत्रिणीची मुलगी, एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. अभ्यासक्रमातल्या ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, चार क्रेडिट मिळवण्यासाठी ती अंबडमधल्या पंचवीसएक माणसांच्या एका मशीनिंगच्या कारखान्यात अकाउंट्सला बसू लागली. चार क्रेडिट म्हणजे 120 तास, म्हणजे रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. कॉलेजच्या फॉर्मवर सही-शिक्का होऊन गेला, तरी ती चौथ्या महिन्यातही रोज सिडकोतून जात होती, कारण तिच्या साहेबांनी "तुझं काम छान आहे, बघू आपण" असे म्हटले होते. मी तिला विचारले, "अगं, हजेरी कुठे लावतेस?" ती म्हणाली, "मावशी, गेटवर वॉचमनकाकांच्या वहीत लिहिते." ती वही पाहुण्यांची होती. नाव, वेळ, कोणाला भेटायचे, कशासाठी; आणि 'कशासाठी'च्या रकान्यात या मुलीने चार महिने रोज 'अकाउंट्स' असे लिहिले होते. अंगठ्याच्या मशीनमध्ये तिची नोंद नव्हती, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने ती रोज सकाळी साडेनऊला येणारी पाहुणी होती.

तिच्या हातात एक काम मात्र खरे होते. जीएसटीचे 2बी विवरण, म्हणजे व्हेंडरांनी चढवलेल्या बिलांची यादी, दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते आणि 3बी, म्हणजे महिन्याचे कर विवरणपत्र, भरण्याची मुदत साधारणपणे 20 तारखेपर्यंत असते, त्यामुळे मधल्या पाच-सहा दिवसांत खरेदीची बिले त्या विवरणाशी जुळवून घ्यावी लागतात. कोणत्या व्हेंडरने बिल चढवलेले नाही, कोणाचा जीएसटी क्रमांक चुकला, कोणाला फोन करायचा, हे सगळे ती करत होती. तिच्या आधी हेच काम बाहेरचा एक अकाउंटंट पैसे घेऊन करायचा, आणि ही आल्यावर मालकांनी त्याला बंद केले होते. म्हणजे जागा होती, तिचे पैसेही होते. फक्त ते आता मालकांच्या खिशात राहत होते.

मी तिला सांगितले की ज्या साहेबांनी कौतुक केले त्यांना विचारून उपयोग नाही. ते बिचारे स्वतःच पगारदार होते आणि त्यांच्या सहीने पाचशे रुपयांचे स्टेशनरीचे बिलही निघत नव्हते. कौतुक करणारा आणि चेक फाडणारा हे बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात, आणि इंटर्न नेहमी पहिल्यालाच धरून बसतो. दुसरी गोष्ट वेळेची. महिना संपताना विचारले असते तर काम झालेले असते आणि मालक निवांत असते. म्हणून तिने महिन्याच्या 8 तारखेला थेट मालकांना लिहिले: "सर, माझी इंटर्नशिप या 12 तारखेला संपवत आहे. 2बीची जुळवणी 14 तारखेनंतर करावी लागेल. आत्तापर्यंत केलेल्या जुळवणीचा तपशील आणि 23 प्रलंबित बिलांची यादी सोबत जोडली आहे. 13 तारखेपासून अकाउंट्स असिस्टंट म्हणून दरमहा 16,000 रुपयांवर काम करण्याची माझी तयारी आहे. आपला निर्णय 11 तारखेपर्यंत कळवावा, ही विनंती."

यातले 'काम करण्याची माझी तयारी आहे' हे वाक्य मी आग्रहाने घालायला लावले. तिच्या मूळ मसुद्यात 'मला संधी दिल्यास मी आपली आभारी राहीन' असे होते. संधी तिने चार महिने घेतली होती. आता व्यवहार बोलायचा होता. पगाराचा आकडा आपण लिहायचा की त्यांनी सांगायचा यावर मतभेद असतात. माझे मत ठाम आहे: शून्यावरून बोलणी सुरू होत असतील तर आकडा आपण लिहावा, नाहीतर "सुरुवातीला पेट्रोलपुरते देतो" इथे गाडी अडते.

मालकांनी पहिल्यांदा तेच अपेक्षित उत्तर दिले: "अजून एक महिना असंच चालू दे, मग बघू." इथे मऊ पडायचे नाही. पगाराशिवाय मुदतवाढ एक दिवसाचीही घेऊ नये, कारण मागणी केल्यावरही तुम्ही फुकट आलात तर मागणीतला जोर तिथेच संपतो. ती नम्रपणे "ठीक आहे सर, मग फाईल कोणाकडे देऊ?" असे म्हणाली आणि 12 तारखेला खरोखरच सगळे कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून, वहीत बाहेर पडण्याची वेळ लिहून घरी आली. 15 तारखेला सकाळी फोन आला. 15,000 वर ठरले.

प्रत्येक वेळी असा फोन येतोच असे मी म्हणणार नाही. तुमच्या हातातले काम असे असेल की पुढच्या महिन्यात येणारा नवा इंटर्न ते दोन दिवसांत शिकेल, तर जागा निघत नाही आणि निघणारही नाही. सोशल मीडियावर रोज तीन पोस्ट टाकणे, यादीतल्या लोकांना फोन लावणे, माहिती एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरवणे, ही त्या जातीची कामे आहेत. अशा ठिकाणी फार तर दीड-दोन महिने थांबावे, आणि तेवढ्यात एखादे मुदतबंद काम हाती आले नाही तर प्रमाणपत्र घेऊन दुसरीकडे अर्ज करावेत. तसेच "आमच्याकडे एक्सपोजर मिळते" आणि "आपण सगळे फॅमिलीसारखे आहोत" ही दोन वाक्ये पहिल्याच भेटीत ऐकू आली तर मी मुलांना चहा संपवून उठायला सांगते.

होकार तोंडी आला तरी काम पत्र हातात आल्यावरच सुरू करावे. पत्रात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख हवी. पहिल्या महिन्याची पगारपावती नीट वाचावी, कारण तुम्ही नोकर झालात की नाही हे तिथे स्पष्ट दिसते. या मुलीच्या पावतीवर 15,000 मधून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800 आणि कर्मचारी राज्य विम्याचे 0.75 टक्के म्हणजे 113 रुपये वजा झाले होते, आणि 13,087 हातात आले. व्यवसाय कराचा रकाना रिकामा होता, कारण दरमहा 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात तो लागत नाही. पैसे कमी झाले म्हणून तिची आई हळहळली. या वजावटींना मालकाचाही वाटा जोडून भरावा लागतो आणि तो इंटर्नसाठी कोणी भरत नाही, हे तिला समजावून सांगताना माझा चहा गार झाला.

नियुक्तीपत्रात 'तीन महिने प्रोबेशन' असेही लिहिले होते, आणि त्यावरून घरात पुन्हा वाद झाला. चार महिने काम पाहून झाल्यावर आता आणखी कसले प्रोबेशन, असे तिच्या वडिलांचे म्हणणे होते. त्यांचा राग मला समजतो, पण ती अट गैर नव्हती. आधीचे चार महिने प्रोबेशन नव्हतेच, म्हणून हे पहिलेच प्रोबेशन होते आणि या वेळी पगारासह होते. घासाघीस करायची असेल तर एवढीच करावी की आधीचे काम पाहता मुदत एक महिन्यावर आणावी आणि त्या काळात दोन्ही बाजूंना नोटीस सारख्याच दिवसांची असावी. तिने ते मागितले. मुदत दोन महिन्यांवर आली, नोटीस दोघांना सात दिवसांची ठरली, आणि सोमवारी वॉचमनकाकांनी सवयीने वही पुढे केली तेव्हा तिने ती परत सरकवून अंगठ्याच्या मशीनकडे जाऊन तीनदा अंगठा टेकवला, कारण पहिल्या दोन वेळा त्याने तिला ओळखले नाही.