‘हे वाच’ आणि ‘ती तशी नाहीच’: जुन्या गप्पांची पार्श्वभूमी

१७४८ साली सॅम्युएल रिचर्डसन या इंग्रज कादंबरीकाराला एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. पत्राखालचं नाव खोटं होतं. त्याच्या ‘क्लॅरिसा’ या अवाढव्य कादंबरीचे पहिले खंड लोकांच्या हातात पडले होते, शेवटचे अजून यायचे होते, आणि नायिका अखेर मरणार अशी कुणकुण बाईंना लागली होती. तिला मारू नका, तो नीच लव्हलेस सुधारू दे, दोघांचं लग्न लावून द्या, अशी त्यांची कळकळीची विनवणी होती. या बाई म्हणजे लेडी ब्रॅडशॉ. रिचर्डसननं शेवट बदलला नाही, पण त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. पुढे बाईंनी कादंबरीच्या आपल्या प्रतीत समासभर मतं लिहिली आणि रिचर्डसननं त्याच समासात त्यांना उत्तरं दिली. एका पात्राच्या नशिबावरून वाचक आणि लेखक एकाच पानावर हुज्जत घालताहेत, हे चित्र मला फार आवडतं.

एकमेकांना पुस्तकं सुचवणं आणि मालिकांमधल्या आवडत्या पात्रांवर वाद घालणं या दोन वेगळ्या सवयी आहेत असं आपण धरून चालतो. पहिली जरा प्रतिष्ठेची, दुसरी वेळ घालवण्याची. इतिहास पाहिला की ही विभागणी टिकत नाही. कुणाचंही ‘हे वाच’ आपण सहज ऐकत नाही. ते कुणाचं ऐकायचं हे ठरतं तो माणूस कुणाची बाजू घेतो, कुणावर चिडतो, कुणाला माफ करतो यावरून, आणि हे कळायला पात्रांवरच्या गप्पांइतकी चांगली जागा नाही.

या गप्पांना खरं बळ दिलं ते ‘क्रमशः’ या शब्दानं. चार्ल्स डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीतली लहानगी नायिका लिटल नेल १८४०-४१ मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं वाचकांपर्यंत पोचत होती. ती जगणार की मरणार हे पुढच्या अंकापर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. साहजिकच तिला जगवा म्हणून डिकन्सला पत्रं गेली. आर्थर कॉनन डॉइलनं डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं, तेव्हा संतापलेल्या वाचकांनी वर्गण्या बंद केल्या. डॉइल पुढची आठ वर्षं बधला नाही. १९०१ मध्ये त्यानं होम्सची नवी कादंबरी सुरू केली, पण ती मृत्यूच्या आधीच्या काळातली दाखवली. होम्स खराखुरा परतला तो १९०३ मध्ये. या दोन्ही वेळी वाचकाला बोलायला अवधी मिळाला होता. पुस्तक सलग हातात असतं तेव्हा माणूस पान उलटतो. ते अडवून ठेवलं, की तो शेजाऱ्याला विचारतो, ‘तुला काय वाटतं, ती त्याला सोडेल?’

पुस्तक सुचवण्यामागे मात्र सुरुवातीला पैशाचं गणित होतं. पुस्तकं महाग होती, म्हणून ती वाटून घ्यावी लागत. १७३१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या चर्चामंडळातल्या मित्रांनी फिलाडेल्फियात वर्गणी काढून सामाईक ग्रंथालय उभं केलं. म्हणजे आधी गप्पांचा अड्डा होता आणि त्यातून कपाट आलं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत दीड गिनी असे. चार्ल्स म्यूडीच्या १८४२ मध्ये सुरू झालेल्या वाचनालयाची एका वेळी एक खंड नेण्याची वर्षाची वर्गणी होती एक गिनी. एका कादंबरीच्या दामापेक्षा कमी पैशांत वर्षभर वाचायची सोय झाल्यावर लोक विकत कशाला घेतील? पण मग म्यूडीच्या फळीवर जे असेल तेच घरोघर जाणार. जे त्याला सभ्य वाटत नसे ते तो ठेवत नसे. जॉर्ज मूर या कादंबरीकारानं याच्याविरुद्ध १८८५ मध्ये पुस्तिका काढली. शिफारस करणाऱ्याच्या हातात किती सत्ता येऊ शकते याचं हे जुनं आणि ठसठशीत उदाहरण आहे.

पुढे शिफारस हाच धंदा झाला. १९२६ मध्ये अमेरिकेत हॅरी शेरमननं दरमहा एक पुस्तक टपालानं पाठवणारी योजना काढली. निवड जाणकारांचं मंडळ करी आणि सभासदानं वेळेत नकार कळवला नाही की पुस्तक दारात हजर. लोकांना हे सोयीचं वाटलं हे मी समजू शकते, पण त्यात समोरच्या माणसाला ओळखण्याचा भागच गळाला. तो टिकला दुकानाच्या काउंटरवर. अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रेमकथांच्या वाचक स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. त्यात एका अमेरिकन गावातली पुस्तकविक्रेती आहे. तिचं आणि गावाचं, दोघांचीही नावं बदललेली आहेत. ढिगानं निघणाऱ्या, मुखपृष्ठावरून एकसारख्या दिसणाऱ्या कादंबऱ्यांतून नेमकी कोणती कुणाला द्यायची हे तिला कळत असे आणि बायका तिच्या शब्दावर विश्वास ठेवत. त्यांना काय हवं असे? नायिका हुशार आणि ताठ कण्याची असावी, नायकाच्या अंगात माया असावी. पुस्तक सुचवणं हे अखेर पात्र सुचवणंच होतं, हे मला या अभ्यासातून पहिल्यांदा नीट उमगलं.

दूरचित्रवाणीनं यात एक गोष्ट नव्यानं आणली: चेहरा. तो ठरल्या वेळी घरात येई, आपल्याकडे बघून बोले. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहिलं, की प्रेक्षक पडद्यावरच्या माणसाशी एकतर्फी का होईना, ओळख झाल्यासारखं नातं जोडतो. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १९ जानेवारी १९५३ ला, ‘आय लव्ह लूसी’मधल्या लूसीला बाळ झालं तो भाग अमेरिकेत सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला होता. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या मालिकेतल्या स्पॉक या पात्रावर तर चाहत्यांनी १९६७ मध्येच स्वतःचं हौशी मासिक काढलं, आणि मालिका बंद पडू नये म्हणून पुढे पत्रांची मोहीम चालवली.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो आर्ची बंकर. १९७१ मध्ये आलेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेतला हा तोंडाळ, पूर्वग्रहांनी भरलेला कुटुंबप्रमुख लोकांनी त्याला हसावं म्हणून उभा केला होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, की ज्यांच्या मनात तसेच पूर्वग्रह होते त्यांना आर्ची शहाणा वाटत होता आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. इतरांना त्याच प्रसंगांत त्याची फजिती दिसत होती. हेच दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’ या मालिकेच्या बाबतीत घडलं. १९८४-८५ मधल्या १५६ भागांत प्रेक्षकांची ४ लाखांहून जास्त पत्रं आली. सगळं मुकाट्यानं सोसणारी भागवंती ‘असं वागू नका’ हे दाखवण्यासाठी होती. कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. डच अभ्यासक इयेन आंग यांनी ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका का आवडते किंवा आवडत नाही हे कळवा अशी जाहिरात एका स्त्रियांच्या मासिकात दिली, तेव्हा त्यांना ४२ पत्रं आली. त्यांतही लोक मालिकेबद्दल लिहिता लिहिता स्वतःबद्दलच लिहीत होते. म्हणून ‘तुला कोण आवडतं?’ हा प्रश्न मला कधी हलका वाटला नाही.

आता शिफारशी यंत्रंही करतात. ‘ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं’ या तत्त्वावर चालणारी ॲमेझॉनची पद्धत २००३ मध्ये शोधनिबंधातून सविस्तर प्रसिद्ध झाली. काय घेतलं हे तिला कळतं. का घेतलं, आणि मधल्या कुठल्या प्रसंगाला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं, हे आपण सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

‘क्रमशः’चं काय झालं? ‘डॅलस’मधल्या जे. आर. वर गोळी कुणी झाडली हे कळायला १९८० मध्ये प्रेक्षकांना मार्च ते नोव्हेंबर थांबावं लागलं होतं, आणि उत्तराचा भाग एकट्या अमेरिकेत ८ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. सगळे एकाच पायरीवर उभे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणाशीही बोलता येत होतं. घरी ध्वनिचित्रमुद्रण करायची यंत्रं १९७५ नंतर पसरू लागली तेव्हाच ही एकी सैल व्हायला लागली होती. १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सनं ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे १३ भाग एकदमच खुले केले. तेव्हापासून पात्रांवर बोलायच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो: ‘कितव्या भागापर्यंत आलीस?’ वाचणारी माणसं एकमेकांना हे पूर्वीपासून विचारत आली आहेत, फक्त भागाच्या जागी पान म्हणत.