गाठीची रसद तोडणाऱ्या दोन बुरश्या

‘बुरशीपासून मिळालेलं, कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं औषध’ असं वाचलं की मी आधी विचारतो, कोणतं? फ्युमॅजिलिनच्या घराण्यातलं की प्लिनाब्युलिन? वर्णन दोघांनाही लागू पडतं, आणि घोळ तिथेच होतो. दोघांचं मूळ अ‍ॅस्परजिलस या एकाच प्रजातीत आहे. फ्युमॅजिलिन अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी स्वतःच बनवते. प्लिनाब्युलिन प्रयोगशाळेत घडवलेलं आहे, पण अ‍ॅस्परजिलस उस्टसमध्ये सापडलेल्या फेनिलॅहिस्टिन या रेणूच्या धर्तीवर. दोघांचा रोखही रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर.

फरक असा, की एक नवा रस्ता बांधू देत नाही आणि दुसरं असलेला रस्ता खचवतं.

आधी पहिलं. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. पुढे त्यांच्याच बोस्टनच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड इंगबर अस्तराच्या पेशी वाढवत असताना एका डिशमध्ये बुरशी शिरली. अशी डिश एरवी थेट कचऱ्यात जाते. मीही टाकलीच असती. इंगबर यांनी ती मायक्रोस्कोपखाली धरली. बुरशीच्या आसपासच्या पेशी अंग आखडून गोल झाल्या होत्या, पण मेल्या नव्हत्या. बुरशी निघाली अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि त्यातला कर्ता रेणू फ्युमॅजिलिन. हा रेणू काही नवा नव्हता, मधमाश्यांच्या नोसेमा रोगावर तो आधीपासून वापरात होता.

तो मेटएपी-२ नावाच्या एन्झाइमला कायमचा चिकटतो. नव्याने तयार झालेल्या प्रथिनांच्या टोकाचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल छाटायचं काम या एन्झाइमचं. ते अडलं की अस्तराच्या पेशी विभाजनाच्या आधीच थबकतात. जुनी रक्तवाहिनी वाहत राहते, तिला नवा फाटा मात्र फुटत नाही. म्हणूनच असं औषध दीर्घकाळ, सातत्याने द्यावं लागतं. फ्युमॅजिलिन दिलेल्या उंदरांचं वजन फार घटलं, म्हणून त्याचे कृत्रिम भाऊबंद बनवले गेले. त्यातल्या टीएनपी-४७० वरचा शोधनिबंध १९९० साली ‘नेचर’मध्ये आला. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ते शरीरात फार वेळ टिकेना, आणि डोस वाढवला की चक्कर, तोल जाणं असे मज्जासंस्थेचे त्रास सुरू होत. गंमत म्हणजे उंदरांमध्ये नडलेली ती वजनघट पुढे कामाची वाटली: याच घराण्यातलं बेलोरॅनिब लठ्ठपणावर आजमावलं गेलं. रक्तात गुठळ्या होऊन रुग्ण दगावल्यावर २०१६ मध्ये तेही थांबलं.

प्लिनाब्युलिनला मेटएपी-२ शी काही देणंघेणं नाही. ते पेशीच्या सांगाड्यातल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला, कोल्चिसिन हे जुनं औषध जिथे बसतं त्या भागात धरतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, कच्च्या असतात. सांगाडा ढासळला की अस्तराच्या पेशी गोल होतात, वाहिनी मिटते आणि काही तासांत रक्त अडतं. म्हणजे पेशी गोल होणं इथेही आहेच. पण इंगबरच्या डिशमध्ये ती पुढची वाढ थांबल्याची खूण होती, इथे ती चालू वाहिनी कोसळल्याची आहे. नुसत्या फोटोवरून औषध ओळखायला जाल तर फसाल.

वाहिन्या मोडणाऱ्या औषधांनी गाठीचा गाभा मरतो, पण कडेची पातळ पट्टी वाचते, कारण तिला शेजारच्या निरोगी ऊतींतून रक्त मिळत राहतं. त्या पट्टीतून गाठ पुन्हा उभी राहते, आणि त्यासाठी तिला लागतात नव्या रक्तवाहिन्या. म्हणून आधी मोडणारं आणि पाठोपाठ रोखणारं, असे दोन्ही प्रकार जोडीने देऊन पाहिले गेले आहेत.