सहा इंचाचं भोक आणि त्याखालची वस्ती

‘सहा इंचाचं तर भोक पाडायचंय, त्यात पुरातत्त्व कुठून आलं?’ भूजलाची पातळी मोजायला निरीक्षण विहीर घ्यायची म्हटली की आमच्या बेळगाव-चिकोडी भागात हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण भोक सहा इंचाचं असलं तरी ते पाडणारी बोअरची गाडी काही टनांची असते. तिला रानातून वाट लागते, बाजूला चिखलपाण्याचा खड्डा लागतो, मग कुंपणाचे खांब आणि यंत्राच्या पेटीचा चौथरा. नदीकाठी मोजपट्ट्या रोवायच्या तर काँक्रीटचे पाये आलेच. यात उलथापालथ होते ती वरच्या मीटर-दीड मीटरची, आणि जुन्या वस्तीचे थर बऱ्याचदा तेवढ्यातच असतात.

शिवाय जागा निवडताना दोघांची नजर एकाच ठिकाणी जाते. पाणी मोजणाऱ्याला काठ पक्का हवा आणि पुरात न बुडणारी उंच जागा हवी. दोन हजार वर्षांपूर्वी घर बांधणाऱ्यालाही तेच हवं होतं. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकालीन नगर निघालं. घटप्रभेच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारं मिळतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८७४ साली गेंड्याच्या एका नव्या जातीचं वर्णन केलं, ते गोकाकजवळ सापडलेल्या जीवाश्मावरून.

अमेरिकेत १९६६च्या वारसा कायद्यामुळे केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवानगीने होणाऱ्या कामाआधी अशा अवशेषांचा विचार करावाच लागतो. ठरावीक अंतरावर फावड्याने छोटे खड्डे घेऊन माती चाळणीतून काढतात. आपल्या १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी आवश्यक. त्यापलीकडच्या साध्या वावरात पाहणी करायची की नाही, हे बहुतेक करून काम करवणाऱ्याच्या मनावर.

पाहणीची पहिली पायरी म्हणजे चालणं. पीक निघाल्यावर नांगरलेल्या रानातून ओळीने चालायचं आणि खापरं, राखट माती, हाडांचे तुकडे यांची जागा नकाशावर टिपायची. काळ्या रानात मात्र सावध राहावं लागतं. उन्हाळ्यात तिथे मीटरभर खोल भेगा पडतात, वरचं खापर आत घसरतं. पावसात माती फुगते आणि खालचं वर ढकलते. त्यामुळे वर दिसलेलं खापर वस्ती जवळ असल्याचं सुचवतं, ती कुठल्या थरात आहे हे सांगत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. पाणी शोधायला जे विद्युतरोध मोजण्याचं यंत्र आणतात, तेच जुन्या भिंतीही शोधतं. जमिनीत एका रेषेत, समान अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची, आतल्या दोन्हींमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) मोजायचा. चार कशाला, दोन सळयांनी भागणार नाही का? नाही. सळई आणि कोरडी माती जिथे टेकतात तिथला रोध इतका मोठा असतो की खालच्या जमिनीचा रोध त्यात हरवून जातो. सोनं तोलताना तराजूच्या पारड्यात हातही ठेवावा तसं. आतल्या सळयांना जोडलेलं मापक जवळजवळ वीज ओढतच नाही, म्हणून तिथल्या टेकण्याच्या रोधावर दाब खर्ची पडत नाही आणि वाचन निव्वळ जमिनीचं येतं. समजा सळयांमधलं अंतर १ मीटर, वीज २० मिलिअँपिअर आणि दाब ६४ मिलिव्होल्ट. भागाकार ३.२ ओहम. त्याला २π आणि अंतराने गुणलं की साधारण २० ओहम-मीटर. वीज सतत एकाच दिशेने सोडली तर सळयांवर रासायनिक थर साचून वाचन बिघडतं, म्हणून दिशा पुन्हा पुन्हा उलटवतात.

सळयांमधलं अंतर वाढवलं की वीज खोल जाते. पाण्यासाठी तारा शंभर-दोनशे मीटर पसरतात; वस्तीसाठी अर्धा-एक मीटर पुरे, फक्त वाचनं दाट जाळीत घ्यायची. ओल्या काळ्या मातीचा रोध दहाच्या आसपास किंवा कमी, घट्ट बेसॉल्टचा शेकड्यांत. मातीत दगडी भिंत असेल तर रोध वर उसळतो, बुजलेला ओलसर खड्डा असेल तर खाली येतो. अर्थात बेसॉल्टचे नैसर्गिक गोटेही तसेच उसळतात. सरळ रेषा आणि काटकोन दिसले तरच भिंतीचा संशय घ्यायचा. कच्च्या मातीची भिंत तर बहुधा दिसतच नाही.

हातात नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याला यातलं काही लागत नाही. बेसॉल्टच्या भेगांत कुठे ना कुठे पाणी लागतंच, आणि त्याचे कोरडे गेलेले बोअर कोणी मोजत नाही. त्याहून वाईट गुप्तधनवाले. अमावस्येच्या रात्री वीरगळाखाली खणून ते धन काढत नाहीत, थर मात्र कायमचे विस्कटतात. मोबाइलवर ‘सोनं दाखवणारं’ ॲप विकणारे याच जातीचे.

‘पुरातत्त्ववाले आले की जमीन गेली’ ही शेतकऱ्याची भीतीही ऐकू येते. चार खापरं सापडली म्हणून रान संरक्षित होत नाही. त्यासाठी रीतसर अधिसूचना लागते. बहुतेक वेळा काम नुसतं सरकवता येतं, पण सगळं सारखं सरकत नाही. गाळाच्या जमिनीत विहीर पंधरा-वीस मीटर हलवली तरी पातळीत फारसा फरक पडत नाही. बेसॉल्टमध्ये मात्र तेवढ्यानेही पाण्याची भेग हुकू शकते. तिथे विहीर जागेवरच ठेवायची आणि चिखलाचा खड्डा, गाडीची वाट, चौथरा हे तिन्ही भिंतीच्या रेषेपासून दूर न्यायचे.