अमळनेरचं छात्रालय आणि जिनिव्हाची शाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात गावाबाहेरच्या रस्त्यांवर आता कमानीवाल्या शाळा दिसतात आणि त्यांतल्या कित्येकींच्या नावात 'इंटरनॅशनल' असतं. पुष्कळ ठिकाणी आत अभ्यासक्रम सीबीएसईचाच, शब्द कमानीपुरता. माहितीपत्रकात मात्र 'ग्लोबल सिटिझन' आणि 'काइंडनेस' हमखास भेटतात. हा माल परदेशातून आला, असं पालकांना वाटतं. निम्मं खरं आहे ते.

'आंतरराष्ट्रीय शाळा' या कल्पनेचं एक मूळ जिनिव्हात आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) तिथे आला, देशोदेशीचे अधिकारी कुटुंबासह राहू लागले आणि त्यांच्या मुलांसाठी 1924 मध्ये शाळा निघाली. शिक्षणतज्ज्ञ अॅडॉल्फ फेरिएर आणि राष्ट्रसंघातले आर्थर स्वीटसर हे तिच्या संस्थापकांपैकी. ज्यांचे बाप काल एकमेकांवर गोळ्या झाडत होते, त्यांची पोरं आज एका बाकावर बसावीत, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

त्याच 1924 मध्ये पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे सानेगुरुजी, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. ते मूळचे कोकणातल्या पालगडचे. अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला. अमळनेरचे उद्योजक प्रतापशेठ यांच्या पैशातून 1916 मध्ये उभी राहिलेली ही संस्था तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना खानदेशात बोलावून ठेवत असे. साने मात्र तिथे रमले नाहीत, शाळेत रमले. पुढे छात्रालय त्यांच्याकडे आलं. मुलं शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेली अंथरुणं-कपडे घडी करून ठेवायचे, कुणी तापाने फणफणला तर उशाशी बसायचे. हाताने लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक काढायचे. मुलांना लाज वाटली आणि हळूहळू खोल्या आपोआप नीट राहू लागल्या. स्टिकर नाही, बक्षीस नाही. आज 'काइंडनेस वीक' साजरा करताना फळ्यावर जे लिहितात, ते इथे केरसुणीने शिकवलं जात होतं.

1930 मध्ये सानेगुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. नंतर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना इतर प्रांतांतले कैदी भेटले. शेजारी बसलेल्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, ही खंत त्यांना तिथे लागली. तिथेच ते तमिळ आणि बंगाली शिकले. पुढे 'तिरुक्कुरळ' हा प्राचीन तमिळ ग्रंथ मराठीत आणला. 1949 च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी मांडलेली 'आंतरभारती'ची कल्पना, म्हणजे भारतातल्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा जाणून घ्याव्यात ही, याच खंतीतून आली. रवींद्रनाथांची विश्वभारती डोळ्यांसमोर होतीच. पण विश्वाकडे जाण्याआधी गुजराती, कानडी, तमिळ माणसाकडे जाऊ, असा त्यांचा क्रम होता. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

धुळ्याच्या तुरुंगाचीही नोंद हवी. 1932 मध्ये तिथे विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती लिहून घेणारे सानेगुरुजीच होते. 1957 मध्ये त्याच विनोबांनी भूदानाच्या पदयात्रेत 'जय जगत्'चा घोष दिला. मराठी शाळांच्या परिपाठात म्हटली जाणारी 'खरा तो एकची धर्म' ही प्रार्थना गुरुजींची. म्हणजे जगाची गोष्ट आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत फार आधीपासून आहे. इतकी सवयीची की तिच्याकडे लक्ष जात नाही.

ही दया मवाळ नव्हती, हे माहितीपत्रकवाले सहसा सांगत नाहीत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून याच माणसाने मे 1947 मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केलं.

बाहेरचा प्रवाहही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मारिया मॉन्टेसरी भारतात अडकून पडल्या. इटली शत्रुराष्ट्र ठरल्याने त्यांच्या हालचालींवर बंधनं होती. कोडाईकनालमधल्या त्या वास्तव्यात सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'विश्वाचं शिक्षण' आकाराला आलं. 1968 मध्ये जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा देशोदेशीच्या शाळांसाठीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचा प्राथमिक अभ्यासक्रम 1997 चा, आणि मुलाच्या अंगी यावेत अशा गुणांत त्यात 'काळजी घेणारा' हाही एक. युनेस्कोची आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाविषयीची शिफारस 1974 ची. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 4.7 क्रमांकाखाली जागतिक नागरिकत्व आलं आणि तिथून आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही.

आता प्रश्न वर्गातला. खानदेशातल्या एका वर्गात घरी अहिराणी बोलणारं, लेवा बोलीचं, गुजर घरातलं आणि सातपुड्यातलं पावरी किंवा भिली बोलणारं पोर शेजारी-शेजारी बसू शकतं. एवढं आयतं जग जिनिव्हाला बाहेरून गोळा करावं लागलं. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या प्राथमिक अभ्यासक्रमात सातव्या वर्षापासून दुसरी भाषा शिकवण्याचा नियम आहे. आपल्याकडे महागड्या शाळांत ती जागा फ्रेंचला मिळाल्याचं दिसतं. आणि अहिराणीत 'मना दप्तर' (माझं दप्तर) म्हणणाऱ्या मुलाला त्याच तासाला सांगितलं जातं, की बाळा, नीट बोल.